संगणक सुरू होताना डीव्हीडी ड्राइव्हची तक्रार येते? एफ१ दाबण्याआधी एवढं करा

आमच्या गावच्या वाचनालयात सहा संगणक आहेत. सगळे आधी कुठल्यातरी ऑफिसात वापरलेले, मग दुरुस्त करून विकलेले. मुलं त्यांच्यावर परीक्षांचे अर्ज भरतात, टायपिंगचा सराव करतात. त्यांतल्या तीन यंत्रांवर रोज सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची: अमुक ड्राइव्ह सापडत नाही, पुढे जायला एफ१ दाबा. मुलं एफ१ दाबायची, विंडोज सुरू व्हायचं. जवळजवळ वर्षभर असं चाललं.

मग एका यंत्राची हार्डडिस्क गेली आणि तिच्याबरोबर पुस्तकांच्या देवघेवीची दोन वर्षांची नोंद गेली. नंतर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तीन आठवडे तिथे काहीतरी वेगळंच इंग्रजी यायचं. आम्ही एफ१ दाबायचो." ती हार्डडिस्क निकामी होत असल्याची सूचना होती. रोजच्या डीव्हीडीच्या तक्रारीत ती मिसळून गेली. लांडगा आला रे आला म्हणतात, ते आमच्याकडे अक्षरशः घडलं.

ऑप्टिकल ड्राइव्हची, म्हणजे सीडी-डीव्हीडी ड्राइव्हची तक्रार बहुतेक वेळा किरकोळ असते आणि फुकटात किंवा शंभर रुपयांच्या आत मिटते. पण ती मिटवायलाच हवी. ती कशी मिटवायची ते, मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने, खाली लिहिते आहे.

हाताशी काय ठेवायचं

- फोन, संदेशाचे आणि आतल्या केबलचे फोटो काढायला
- फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि बॅटरी (टॉर्च)
- धूळ झटकायला कोरडा, मऊ ब्रश
- कागदांना लावायची एक धातूची क्लिप
- सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल
- मिळाली तर एक जादा साटा केबल (ड्राइव्हला मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाशी जोडणारी)
- यंत्राचं बिल आणि वॉरंटीचा कागद. वॉरंटी चालू असेल, तर कॅबिनेट उघडण्याआधी विक्रेत्याशी बोला. काही ठिकाणी सील तुटलं की वॉरंटी संपते.
- विंडोज १० किंवा ११ असेल आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधली, सेटिंग बदलल्यावर विंडोज ही की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी कागदावर उतरवून घ्या, मगच पुढे जा.

शक्य असेल तर महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आमच्या नोंदवहीची प्रत कुणी काढली नव्हती.

१. संदेश जसाच्या तसा टिपून घ्या

दुरुस्ती करणाऱ्याला फोन करून "काहीतरी एरर येतोय" म्हटलं की तो अंदाज बांधणार, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही देणार. म्हणून पडद्याचा फोटो काढा. अक्षरं झरकन निघून जात असतील तर जुन्या बऱ्याच यंत्रांवर कीबोर्डवरचं पॉझ बटण दाबलं की पडदा थांबतो, दुसरं कुठलंही बटण दाबलं की पुढे सरकतो. नव्या यंत्रावर ते चालत नाही. तिथे फोनवर व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवून वाचा.

संदेशातला आकडा विशेष जपून टिपा. 'साटा-१' आणि 'साटा-०' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बऱ्याच ऑफिस डेस्कटॉपवर मोजणी शून्यापासून सुरू होते. साधारणपणे शून्यावर हार्डडिस्क आणि एकवर डीव्हीडी ड्राइव्ह असते, पण गृहीत धरू नका. चौथ्या पायरीत ते तपासून घेऊ.

२. बोलतंय कोण, ते ओळखा

ही पायरी मला कुणी आधी सांगितली असती तर माझा महिना वाचला असता. संगणक सुरू होताना एकामागून एक तिघं बोलतात, आणि तिघांचे उपाय वेगळे.

पहिलं बोलतं बायोस. बटण दाबल्याबरोबर ते मेमरी, कीबोर्ड, डिस्क या सगळ्यांची हजेरी घेतं. वर्गातल्या हजेरीसारखंच. पटावर नाव आहे आणि 'हजर' असा आवाज आला नाही, की ते थांबतं आणि तक्रार करतं. 'ड्राइव्ह १ नॉट फाउंड', 'साटा-१ डिव्हाइस नॉट फाउंड', जुन्या यंत्रांवर 'सेकंडरी मास्टर ड्राइव्ह, एटापी इनकम्पॅटिबल' अशा भाषेत ते बोलतं. खाली एफ१ आणि एफ२ चे पर्याय असतात.

दुसरं बोलतं ते बूट करताना. हजेरी झाली, आता विंडोज कुठे आहे ते शोधायचं. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', 'बूटएमजीआर (BOOTMGR) इज मिसिंग', 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी' हे संदेश इथले.

तिसरं विंडोज स्वतः. डेस्कटॉप दिसल्यावर छोट्या चौकटीत 'देअर इज नो डिस्क इन द ड्राइव्ह' येतं, किंवा ड्राइव्हच दिसेनाशी होते.

आणखी एक गोष्ट: संदेशात 'स्मार्ट', 'हार्ड डिस्क' किंवा 'फेल्युअर प्रेडिक्टेड' असे शब्द असतील तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी फायली बाहेर काढा. ती डीव्हीडीची तक्रार नव्हे.

३. ट्रेमध्ये काही राहिलंय का बघा

सगळ्यात सोपं कारण हेच, आणि सगळ्यात उशिरा हेच आठवतं. जुन्या यंत्रांत बायोस विंडोज शोधताना आधी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डोकावतं. आत कुणाची तरी गाण्यांची किंवा प्रोजेक्टची सीडी राहिली असेल, तर यंत्र तिच्यापाशी रेंगाळतं किंवा एखादा संदेश देऊन अडतं. ट्रे उघडा, डिस्क काढा, पुन्हा सुरू करा.

ट्रे उघडत नसेल तर यंत्र बंद करा, कागदाची क्लिप सरळ करा आणि ट्रेच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकात घाला. अलगद दाब दिला की ट्रे थोडा बाहेर येतो, मग हाताने ओढायचा.

आत विंडोज इन्स्टॉल करायची डिस्क असेल तर सांभाळा. 'प्रेस एनी की' हे वाक्य काही सेकंदच राहतं. काही न दाबलं तर संगणक आपला नेहमीसारखा सुरू होतो. घाईत बटण दाबलं गेलं तर इन्स्टॉलेशन सुरू होतं, आणि पुढचे 'नेक्स्ट' न वाचता दाबणाऱ्याच्या हातून डिस्क फॉरमॅट होऊ शकते. तुम्ही मुद्दाम विंडोज टाकत असाल तरी हे लक्षात ठेवा: मध्ये संगणक आपोआप रीस्टार्ट होतो तेव्हा हेच वाक्य पुन्हा येतं. त्या वेळी काहीही दाबायचं नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

यानंतर बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम एकदा बघून घ्या. जोडून घेतलेल्या, म्हणजे असेम्बल्ड यंत्रावर बहुधा डिलीट बटण, डेलवर एफ२, एचपीच्या डेस्कटॉपवर एफ१०, लेनोव्होच्या ऑफिस डेस्कटॉपवर एफ१. यंत्र सुरू केल्याबरोबर ते बटण टकटक दाबत राहायचं. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा तुमच्या डिस्कचं नाव पहिलं ठेवा, डीव्हीडी तिच्या खाली. सेव्ह करून बाहेर या.

४. 'ड्राइव्ह नॉट फाउंड': ड्राइव्ह आहे की नाही?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण कॅबिनेटच्या तोंडावर झाकण दिसतं म्हणून आत ड्राइव्ह असेलच असं नाही. आमच्या तिन्ही यंत्रांत नुसतं झाकण होतं. विकण्याआधी कुणीतरी ड्राइव्ह काढून घेतली होती आणि पटावरचं नाव तसंच राहिलं होतं.

*ड्राइव्ह नसेल तर:* बायोसमध्ये 'ड्राइव्ह्ज' किंवा 'साटा कॉन्फिगरेशन' शोधा. प्रत्येक पोर्टसमोर, म्हणजे केबल लावायच्या तोंडासमोर, काय जोडलंय ते लिहिलेलं असतं. संदेशात जो आकडा होता, त्या पोर्टसमोर कुठल्याही डिस्कचं नाव नाही याची खात्री करा आणि तो पोर्ट 'ऑफ' किंवा 'डिसेबल' करा. सेव्ह, रीस्टार्ट. संदेश जायला हवा. चुकून हार्डडिस्कचा पोर्ट बंद झाला तर विंडोज सापडणार नाही, पण घाबरू नका. आतल्या फायलींना काही झालेलं नसतं. परत जाऊन पोर्ट चालू करा.

याच पानावर 'साटा मोड' किंवा 'साटा ऑपरेशन' अशी एक ओळ असते, समोर एएचसीआय, रेड, आयडीई यांपैकी काहीतरी. तिला हात लावू नका. ती बदलली की विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो. आत्ता तिथे काय लिहिलंय त्याचा मात्र फोटो काढून ठेवा, पाचव्या पायरीत लागेल.

*ड्राइव्ह असेल आणि तरी सापडत नसेल तर:* केबल. यंत्र बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा. मग चालू करायचं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज जाईल. कॅबिनेटच्या बिनरंगी धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. केबल काढण्याआधी फोटो.

साटाच्या ड्राइव्हला दोन केबल येतात: डेटाची अरुंद, ७ पिनांची, आणि विजेची रुंद, १५ पिनांची. दोन्ही काढून, ब्रशने तोंडं साफ करून, पक्क्या बसवा. त्यांचं तोंड इंग्रजी 'एल'सारखं असतं, त्यामुळे उलटी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, ते प्लास्टिक तुटतं. डेटा केबल मदरबोर्डच्या टोकालाही तपासा. आमच्याकडे आणखी एका यंत्रात दोष तिथेच होता, सफाई करताना केबल अर्धी निसटलेली. तरीही सुधारलं नाही, तर जादा केबल लावून बघा. नवी ड्राइव्ह घेण्याआधी केबल बदलून बघणं हा नियमच करा.

यंत्र फार जुनं असेल तर रुंद पट्टीसारखी केबल दिसेल, ती आयडीई. तिच्यावर अशा दोनच गोष्टी बघायच्या. ८० तारांच्या पट्टीचं निळं टोक मदरबोर्डला, टोकाचं काळं पहिल्या ड्राइव्हला, मधलं करडं दुसरीला. आणि ड्राइव्हच्या पाठीवर जंपर नावाचा इवलासा तुकडा असतो: एका पट्टीवरच्या दोन्ही ड्राइव्ह 'मास्टर' किंवा दोन्ही 'स्लेव्ह' नसाव्यात.

ड्राइव्ह मेली आहे का, हे ठरवायची साधी युक्ती: तिच्या दोन्ही केबल काढा, पोर्ट बंद करा आणि यंत्र चालू करा. एरवी लोगोवर मिनिटभर अडकणारं यंत्र लगेच पुढे गेलं, तर दोष त्या ड्राइव्हपाशी किंवा तिच्या केबलपाशी आहे.

५. संदेश गेला आणि काही दिवसांनी परत आला? सेल बदला

इथे माझे पैसे गेले. एका दुरुस्तीवाल्याने पोर्ट बंद केला, संदेश गेला. सुट्टीनंतर वाचनालय उघडलं तर पुन्हा हजर. मग त्याने "ड्राइव्हच लावून टाकू" म्हणून नवी डीव्हीडी ड्राइव्ह बसवली. गरज नव्हती. दोष मदरबोर्डवरच्या सेलचा होता.

वायर काढलेली असताना बायोसमधलं घड्याळ चालवायला सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो, आणि या वयाच्या यंत्रांत आपण केलेली सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकते. सेल संपला की हजेरीपट कोरा होतो, कारखान्यातली मूळ सेटिंग परत येते, बंद केलेला पोर्ट पुन्हा चालू होतो आणि बायोस नसलेल्या ड्राइव्हला हाका मारू लागतं.

भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत हे काम विजेवर भागतं, सेलला ताण पडत नाही. आपल्याकडे काम झालं की बटण बंद करायची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे सगळा भार रात्रभर, सुट्टीभर सेलवर येतो. भारनियमन असेल तिथे आणखी.

सेल गेल्याच्या खुणा: तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणू लागतो, किंवा 'सीमॉस चेकसम एरर' असं पडद्यावर येतं. वेळ आपोआप दुरुस्त होत असल्याने इंटरनेट असलेल्या यंत्रावर तारखेची खूण लपते, म्हणून तारीख विंडोजमध्ये न बघता बायोसमध्ये बघा.

बदलायचं असं: वीज पूर्ण काढा, मदरबोर्डवर चकती शोधा, कडेची पट्टी हळूच मागे सारा, सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग बायोसमध्ये जाऊन चार गोष्टी पुन्हा करा: तारीख-वेळ, साटा मोड (काढलेल्या फोटोप्रमाणे), बूटचा क्रम, आणि नको असलेला पोर्ट बंद. साटा मोड विसरलात तर निळा पडदा दिसू शकतो. मोड पूर्ववत केला की तो जातो.

लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायरने जोडलेला आणि खोल दडलेला असतो. तो जाणकाराकडूनच बदलून घ्या.

६. विंडोज सुरू झाल्यावर येणारे संदेश

'नो डिस्क इन द ड्राइव्ह' अशी चौकट प्रत्येक वेळी येत असेल, तर आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्राम रिकाम्या ड्राइव्हमध्ये काहीतरी शोधतोय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, 'स्टार्टअप' हे पान उघडा. जुने प्रिंटरचे, सीडी जाळायचे, मोबाइल जोडायचे प्रोग्राम एकेक करून 'डिसेबल' करा आणि दर वेळी रीस्टार्ट करून बघा. एकदम सगळे बंद केले तर दोषी कोण ते कळत नाही, आणि अँटिव्हायरसही बंद होऊन बसू शकतो.

ड्राइव्ह बायोसला दिसते पण विंडोजमध्ये नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) तिच्यावर पिवळा त्रिकोण आहे, असं असेल तर आधी साधा उपाय: तिच्यावर उजवं क्लिक, 'अनइन्स्टॉल', रीस्टार्ट. विंडोज तिला नव्याने ओळखतं.

तेवढ्याने भागलं नाही आणि कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसत असेल, तर सीडी जाळायच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, सोडलेल्या दोन नोंदी कारण असू शकतात: 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स'. त्या कंट्रोल विभागातल्या 'क्लास' खाली, ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये असतात. त्यात उजवीकडे 'सीडीरॉम' असं लिहिलेलं दिसलंच पाहिजे. त्या फोल्डरची प्रत एक्सपोर्ट करून ठेवा, मग या दोन नोंदी काढा आणि रीस्टार्ट करा. जवळचाच ४डी३६ई९६७ हा फोल्डर हार्डडिस्कचा आहे. तिथल्या नोंदी उडाल्या तर विंडोज उठणारच नाही. आकडे वाचताना हात थरथरत असेल, तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. मी पहिल्यांदा दोघांना शेजारी बसवून आकडे मोठ्याने वाचून घेतले होते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'बॅड ब्लॉक' दिसला तर नाव नीट वाचा. 'सीडीरॉम०' असेल तर ओरखडलेली डिस्क किंवा धुळकट भिंग. 'हार्डडिस्क०' असेल तर ताबडतोब बॅकअप.

७. 'हॉल्ट ऑन' या पळवाटेने जाऊ नका

बऱ्याच बायोसमध्ये 'हॉल्ट ऑन' अशी सेटिंग असते आणि ती 'नो एरर्स' केली की कुठल्याही चुकीवर यंत्र थांबत नाही. दुरुस्तीवाले वेळ वाचवायला हे करून देतात, तक्रार गेल्यासारखी दिसते. पण मग पुढे आलेली खरी सूचनाही थांबून वाचायला मिळत नाही. कुणी तुमच्या यंत्रावर असं केलं असेल तर ते पूर्ववत करून घ्या.

८. ड्राइव्ह काढून टाकण्याआधी

आजच्या कामाला डीव्हीडी ड्राइव्ह क्वचित लागते. बिघडली असेल तर पोर्ट बंद करून, केबल काढून मोकळे व्हा. गरज पडलीच तर यूएसबीची बाहेरून जोडायची ड्राइव्ह मिळते. ती घेताना वीज पुरते का ते दुकानातच जोडून बघा, काहींना दोन यूएसबी तोंडं लागतात. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात, तालुक्याच्या दुकानात मागवावे लागतात.

लॅपटॉपमधली ड्राइव्ह काढून त्या जागी एसएसडी (हार्डडिस्कसारखीच, पण वेगवान डिस्क) बसवायची असेल, तर त्यासाठी कॅडी नावाची चौकट मिळते. ती ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते. आधी तुमची ड्राइव्ह मोजा, मग मागवा.

आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या जुन्या सीड्या बाहेर काढा. लग्नाच्या, मुंजीच्या, आजोबांच्या एकसष्टीच्या. एका सीडीत ७०० एमबी, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, म्हणजे एका पेनड्राइव्हवर कितीतरी मावतात. ड्राइव्ह चालते आहे तोवर उतरवून घ्या. नव्या ड्राइव्हचा आमच्याकडे तोच उपयोग झाला. आता गावातले लोक पिशवीतून सीड्या घेऊन येतात, आणि शनिवारी दुपारी चौथ्या क्रमांकाच्या संगणकावर आम्ही त्या उतरवतो.

एफ१ दाबायचा नाही असा कागद तिन्ही यंत्रांवर चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: आधी फोटो काढा, मग मॅडमना दाखवा.